समुद्र नसलेल्या जिल्ह्यातला कुरव

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावामागच्या पाझर तलावावर एक पांढरा पक्षी घिरट्या घालत होता. आधी वाटलं, नदीसुरय असेल. नदीसुरय आमच्याकडे बारमाही दिसतो: पिवळीधमक चोच, दुभंगलेली शेपटी आणि हवेत तरंगल्यासारखं हलकं उडणं. पण या पक्ष्याचं उडणं जड होतं. पंख रुंद होते आणि शेपटी कापल्यासारखी सरळ होती. दुर्बीण लावली. चोच लाल, टोकाशी काळपट. डोळ्यामागे बोट टेकवल्यासारखा एक गडद ठिपका. पंखांची टोकं काळी, आणि त्या काळ्यात पांढरे ठसे. तो वळला तेव्हा फिकट डोळाही दिसला आणि शंका उरली नाही. तो तपकिरी डोक्याचा कुरव होता. हिवाळ्यात त्याचं डोकं तपकिरी नसतं, पांढरं असतं. नाव विणीच्या पिसाऱ्यावरून पडलेलं आहे.

मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला कुरवाचं नवल वाटणार नाही. तिकडे थंडीत त्यांचे थवेच्या थवे असतात. आमच्या तलावापासून समुद्र सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे. इथे एक कुरव म्हणजे वर्षाची नोंद. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्याला आपण समुद्रपक्षी म्हणतो तो हा कुरव अंडी घालतो ती लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी. म्हणजे त्याचा जन्मच समुद्रापासून दूर, डोंगरांनी वेढलेल्या पाण्यावर होतो. आमच्या तलावावर तो वाट चुकून आला असं मी धरून चाललो होतो. खरं तर त्याच्या प्रवासाच्या वाटेवर जे पाणी लागलं, त्यावर तो उतरला होता.

तेव्हापासून मला कोणी विचारलं की पक्षी बघायला कुठे जावं, तर मी भरतपूर किंवा कच्छ सांगत नाही. घरापासून चालत वीस मिनिटांत जाता येईल अशी एक जागा धरा, असं सांगतो. सोलापूरसारख्या जिल्ह्यात, जिथे ना समुद्र ना घनदाट जंगल, हे कसं करायचं आणि त्यातून हाती काय लागतं, ते आता सविस्तर लिहितो.

जागा निवडताना देखणेपणा पाहू नका, विविधता पाहा. माझ्या जागेत चार गोष्टी आहेत: तलावाचं पाणी, त्याचा चिखलाचा काठ, बांधावरच्या बाभळी आणि पलीकडचा खडकाळ माळ. शिवाय वाटेत एक जुनी विहीर, तिच्या आतल्या कपारीत पारवे आणि पिंगळ्याची जोडी. असे कोपरे जितके जास्त, तितके पक्षी जास्त, कारण प्रत्येकाचं पोट वेगळ्या जागी भरतं. असे तलाव आपल्याकडे गावोगाव आहेत. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून कितीतरी पाझर तलाव बांधले. आमचाही त्यातलाच. माणसांच्या विहिरींना पाणी मिळावं म्हणून बांधलेल्या या बांधामागे पक्ष्यांची एवढी वसाहत उभी राहील, हे पाट्या वाहणाऱ्यांच्या मनातही नसेल.

साहित्य थोडंच लागतं. दुर्बीण घ्यायची तर ८×४२ घ्यावी. पहिला आकडा सांगतो की पक्षी आठपट जवळ दिसेल. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तो जितका मोठा, तितका उजेड आत येतो, आणि पहाटेच्या अंधूक वेळी हाच आकडा उपयोगी पडतो. दहापटीची दुर्बीण जास्त जवळ दाखवते, पण हात थरथरला की चित्रही थरथरतं आणि नजरेचा घेर लहान होतो. नवख्या माणसाची एक अडचण नेहमीची: दुर्बीण लावली की पक्षी सापडत नाही. यावर उपाय म्हणजे नजर पक्ष्यावरून हलवायची नाही. मान, डोळे तसेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. आठ दिवसांत हाताला वळण पडतं. सोबत एक वही, आणि एखादं चांगलं पुस्तक. डॉ. सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ साली निघालं आणि अजून लोक त्यावरच शिकतात. आता मोबाइलवर मर्लिन नावाचं अॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. ते सुचवतं एवढंच धरावं. डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय वहीत नाव लिहू नये.

पहिले दोन महिने नवीन काही शोधायला जाऊच नका. रोजचे पंचवीस-तीस पक्षी पक्के करा: चिमणी, साळुंकी, भांगपाडी मैना, बुलबुल, होला, कोतवाल, वेडा राघू, चीरक, टिटवी, गायबगळा, वंचक, टिबुकली, हळदीकुंकू बदक, शेकाट्या, खंड्या, कापशी, घार. नुसती नावं पाठ करून भागत नाही. कोण कुठे बसतो, कसा उडतो, कोणाच्या अंगावर धावून जातो, हे सगळं अंगवळणी पडायला हवं. हे झालं की अनोळखी पक्षी आपोआप वेगळा दिसतो. कुरव मला ओळखू आला याचं कारण नदीसुरय मी शेकडो वेळा पाहिला होता. परका माणूस गावात शिरला की पारावरच्या म्हाताऱ्यांना कळतं, तसं हे आहे.

सुरुवातीच्या दिवसांत माळावर मेंढरं चारणारे एक वयस्कर मामा मला रोज बघायचे. एक दिवस जवळ येऊन म्हणाले, “पाव्हणं, रोज उठून तीच ती पाखरं काय बघताय?”

मी म्हणालो, “मामा, रोज तीच नसत्यात.”

ते थोडा वेळ माझ्याजवळच बसून राहिले. मग पलीकडच्या खडकाकडे हात करून म्हणाले, “ती टिटवी ऐका. माणसाला वरडती तवा येगळी, आन् कुत्र्याला वरडती तवा येगळी. आत्ता कुत्रं हाय.” दोन मिनिटांत खरंच घाणेरीच्या झुडपामागून एक कुत्रं निघालं. टिटवीच्या आवाजातला तो फरक कळायला मला पुढे वर्ष लागलं. पुस्तकात ‘इशाऱ्याचा कर्कश आवाज’ एवढंच लिहिलेलं असतं.

आता खरा भाग. एकच जागा धरली की वर्ष कसं फिरतं ते पक्ष्यांवरून वाचता येतं. मृगाच्या आगेमागे चातक येतो. डोक्यावर शेंडी, अंग काळं-पांढरं, पंखावर पांढरा चौकोन. तो आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीनं येतो आणि अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. त्याच सुमारास पावशाचं ‘पेर्ते व्हा’ सुरू असतं. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात. नर अर्धं घरटं विणून मादीला दाखवतो, तिला पसंत पडलं तर पुरं करतो, नाहीतर दुसरं घ्यायला लागतो. ऑगस्टमध्ये, अजून पाऊस चालू असतानाच, पहिले हिवाळी पाहुणे उतरतात. थंडी पडल्यावर पक्षी येतात असा आपला समज असतो. पण उत्तरेकडचा उन्हाळा आखूड असतो, पिल्लं मोठी झाली की तिथून निघायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यामुळे गणपती बसायच्या सुमारास चिखलावर एखादी तुतारी शेपटी वरखाली करताना दिसतेच.

या तुतारीजवळ थोडं थांबू, कारण नवखे इथेच कंटाळतात. काठावरचे करडे-तपकिरी, पांढऱ्या पोटाचे छोटे पक्षी सगळे एकसारखे वाटतात. तीन गोष्टी पाहा. पहिली, खांदा: सामान्य तुतारीच्या पोटाचा पांढरा रंग पंखाच्या पुढून खांद्याकडे एखाद्या टोकासारखा वर गेलेला असतो, बाकीच्यांत तसा नसतो. दुसरी, भुवई: ठिपकेवाल्या तुतारीची पांढरी भुवई डोळ्यावरून लांब मागे जाते आणि पाय पिवळसर असतात. तिसरी, उडतानाचा पंख: हिरवी तुतारी उडाली की पंखाची खालची बाजू जवळजवळ काळी दिसते आणि पाठीमागे बुडाजवळ पांढरा चौकोन चमकतो, ठिपकेवालीचा पंख खालून फिकट. एवढं एकदा डोळ्यांत बसलं की काठावरची गर्दी एकदम वेगवेगळ्या चेहऱ्यांची होते. मला हे जमलं ती सकाळ अजून आठवते. उगवतं ऊन पाठीशी होतं आणि तिन्ही तुताऱ्या दहा पावलांच्या अंतरात चरत होत्या.

दिवाळीच्या पुढे बदकं येतात: थापट्या, तलवार बदक, चक्रांग. मग येतो आमचा लाडका वारकरी. अंगानं काळा, आणि कपाळावर चोचीपासून वर गेलेला पांढरा टिळा. गोपीचंदन लावलेल्या माणसावरून ज्यानं कोणी हे नाव ठेवलं त्याचे मी मनापासून आभार मानतो. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या तलावावर वारकऱ्यांची दिंडी थंडीत उतरते आणि पाण्यावर रांग धरून चालते. शाळेतल्या मुलांना मी हा पक्षी पहिल्यांदा दाखवतो. ती पुन्हा कधी विसरत नाहीत.

पक्ष्यांचं येणं थंडीवर जितकं अवलंबून, तितकंच पाण्याच्या पातळीवर. हे समजून घ्यायला उजनीएवढी चांगली जागा नाही. भीमेवरचं हे धरण ११७ टीएमसीचं. त्यातला ६३ टीएमसीच्या वरचा भाग तेवढा वापरायचा, खालचा मृतसाठा. आमच्या जिल्ह्यात उजनीची टक्केवारी लोक सकाळी पेपरात भावांच्या आधी वाचतात. शंभर टक्के भरलं की ऊस हसतो. ‘उजनी वजामध्ये’, म्हणजे पाणी मृतसाठ्यात गेलं, ही बातमी आली की पोटात गोळा येतो. पक्ष्यांचं गणित याच्या उलटं चालतं. धरण काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा चिखल सगळा पाण्याखाली, आणि लांब पायांच्या पक्ष्यांनाही तळ लागत नाही. पाणी ओसरू लागलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात, उथळ पाण्यात किडे, शेवाळ, बारीक जीव हाताशी येतात. भिगवणकडच्या फुगवट्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, थंडी सरताना जास्त दिसतात ते यामुळे. तो डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दात्यांतून पाणी गाळून अन्न ठेवून घेतो. गुडघाभर पाणी असेल तरच त्याला हे करता येतं.

आमच्या पाझर तलावावर हेच छोट्या प्रमाणात घडतं. मी बांधाच्या दगडी पिचिंगच्या ओळी मोजून पाण्याची पातळी लिहितो. तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून आता सांगता येतं की पाणी सातव्या ओळीच्या खाली गेलं की शेकाटे वाढतात आणि बदकं निघतात. शेकाट्याचे पाय लांब, तो खोल पाण्यात चालतो. तुतारी काठावर. कवड्या खंड्याला तर चिखलाशी देणंघेणंच नाही, तो पाण्यावर हवेत एका जागी फडफडत राहतो आणि सूर मारतो. एकाच तलावाची ही वाटणी भांडणाशिवाय झालेली असते.

मोजायचं कसं, हे पुष्कळजण विचारतात. थवा बसलेला असेल तर आधी नजरेनं दहा पक्षी एकेक करून मोजा. त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोक्यात धरा, आणि तेवढे तुकडे पुढे पुढे टाकत जा. उडत्या थव्यातही तसंच. भोरड्यांचा थवा असेल तर शंभराचा तुकडा धरावा लागतो. ज्वारी हुरड्यात आली की हे थवे आभाळात धुरासारखे वळतात, आणि मालदांडीच्या रानात माळ्यावर उभा शेतकरी गोफण फिरवत असतो. त्याचा राग खरा आहे. याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात, हेही तितकंच खरं.

वहीत प्रत्येक फेरीला तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, पाण्याची ओळ, हवा आणि मग दिसलेला प्रत्येक पक्षी, संख्येसकट. प्रत्येक, यावर माझा जोर आहे. पहिली दोन वर्षं मी फक्त ‘विशेष’ पक्षी लिहिले. चिमण्या, कावळे, साळुंक्या, तारेवर बसलेला नीलपंख, यांना वहीत जागा दिली नाही. आज त्याचं वाईट वाटतं. वाटेवरच्या विजेच्या तारांवर तेव्हा नीलपंख नेहमी असायचे अशी आठवण आहे, पण किती, हे सांगायला माझ्याकडे आकडा नाही. आता महिन्यात एखाददुसरा दिसतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल सांगतो की नीलपंखाची देशभरातली संख्या बरीच घसरली आहे आणि त्याच्या धोक्याच्या पातळीचा फेरविचार व्हायला हवा. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो पक्षी आपल्या डोळ्यांसमोर कमी झाला, आणि आपण तो मोजलाही नाही.

हा अहवाल मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी एकट्यानं बनवलेला नाही. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि तो उभा आहे सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी ई-बर्डवर टाकलेल्या तीन कोटी नोंदींवर. ई-बर्ड ही कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं २००२ साली सुरू केलेली नोंदवही. आता ती मोबाइलवर फुकट मिळते. यादी टाकताना एक प्रश्न येतो: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का? ‘हो’ म्हणता आलं तर त्या यादीला मोल येतं. कारण मग यादीत जे नाही, ते त्या वेळी दिसलं नाही असा अर्थ निघतो. पंधरा मिनिटांची का होईना, पण पूर्ण यादी द्यावी. भरतपूरला हजारो माणसं जातात, तिथल्या याद्या ढिगानं आहेत. मोहोळ, माढा, करमाळ्यातल्या एखाद्या पाझर तलावाची दर रविवारची यादी दुसरं कोणीही देणार नाही. आडबाजूच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाच्या हाती हे बळ आहे, आणि ते वापरायला हवं असं मला कळकळीनं वाटतं.

माळाबद्दलही सांगितलं पाहिजे. सरकारी कागदांत माळाला ‘पडीक’ म्हणतात. या पडीक जमिनीवर चंडोल आभाळात चढून गातो, धाविक पक्षी दगडांतून पळतो, संध्याकाळी पखुर्ड्या पाण्यावर उतरतात. हिवाळ्यात मध्य आशियातल्या गवताळ पठारांवरून भोवत्या येतात आणि गवतावरून हातभर उंचीनं तरंगत शिकार शोधतात. रात्री ते झाडावर बसत नाहीत, गवतातच जमिनीवर उतरून एकत्र झोपतात. त्यामुळे माळ नांगरला गेला की त्यांचं अंथरूणच जातं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं ते आमच्याच जिल्ह्यात. आज माळढोक देशातच दीडशेच्या आसपास उरले आहेत. मी माळावर जातो तेव्हा दूर एखादी उंच मान दिसते का, हे नजर आपोआप शोधते. जे पक्षी आहेत त्यांची मोजदाद नीट ठेवावी, ही निकड मला माळढोकानं लावली.

मारुती चितमपल्ली जन्मले सोलापुरात. वनखात्यात उभा जन्म काढून त्यांनी ‘पक्षिकोश’ लिहिला आणि पक्ष्यांची मराठी नावं एका ठिकाणी आणली. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. सुरुवात करायची तर हा आठवडा उत्तम. पाहुणे आलेले असतात, सकाळी सात वाजताही ऊन सोसतं, आणि पिकं उंच झालेली नसतात. काही पथ्यं मात्र पहिल्या दिवसापासून पाळावीत. पक्षी चरायचं सोडून मान वर करून तुमच्याकडे बघू लागला, तर तुम्ही फार जवळ गेला आहात, दोन पावलं मागे या. घरट्याचा फोटो काढू नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला येतो.

कुरव पुन्हा आला नाही. यंदा फाल्गुनात तलावावर एकसष्ट वारकरी होते. पुढच्या रविवारी नऊ. बाकीचे कधी उठले ते कोणी पाहिलं नाही, बदकांसारखे तेही रात्रीच निघतात. पाणी नवव्या ओळीवर गेलं आहे आणि पूर्वेकडच्या काठावर, मुरमाच्या उघड्या पट्ट्यात, टिटवीनं चार अंडी घातली आहेत. खड्यांच्याच रंगाची, टोकं आत वळवून ठेवलेली. दुपारी ऊन चढलं की ती पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. मामांनी ती जागा मला लांबूनच दाखवली आणि मेंढरं तिकडून नेणं थांबवलं. मीही आता पश्चिमेच्या बांधावरून फिरतो.